तिकोनी टोकन

लोक मला भंगारवाला म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागे म्हणतात. मी आयुष्यात भंगार विकलं नाही आणि नाणंही विकलं नाही. चिखलीच्या धान्यबाजारात मी मापारी होतो. काट्यावर माल चढवायचा, माप पुकारायचं, धान्याचे कट्टे शिवायचे. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण दांडी कोणत्या बाजूला झुकली ते मला शिकलेल्या माणसाच्या आधी दिसायचं, आणि दिसलं की मी बोलून मोकळा व्हायचो. त्यामुळे मित्र कमी झाले. झाले तर झाले.

पहिलं नाणं मला तुरीच्या ढिगात सापडलं. भोकाचा पैसा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालात तांबं पुरेना म्हणून मधोमध भोक पाडून काढलेला. ज्याची तूर होती त्याला मी तो परत देत होतो, तर तो म्हणाला, आमच्याकडे असे लई होते, लेकरांच्या करदोड्यात बांधायचे, राहू द्या तुमाले. घरी आल्यावर बायकोनं तो डोळ्याला लावला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याच्यातून तं तुमी बरे दिसता." त्या दिवसापासून मी नाणी ठेवायला लागलो. ढब्बू पैसे आले, देऊळगाव राजाकडून निजामाचे हाली शिक्के आले, चांदीचे दोन रुपये आले. बायकोनं जुन्या लुगड्याची एक मोठी चंची शिवली. पानाची चंची असते तशीच, पण हातभर लांब आणि कप्पेच कप्पे. तिला अक्षर येत नव्हतं, तरी कोणतं नाणं कोणत्या कप्प्यात ते ती न पाहता सांगायची.

टोकनांची गोष्ट वेगळी आहे. लढाईच्या सालात आमच्या भागात ज्वारी, साखर आणि रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं. माझा जन्म नंतरचा, पण माझा बाप त्या रांगेत उभा राहिलेला माणूस. तो सांगायचा, कार्ड वाचता येणारं माणूस गावात एखादंच, म्हणून आमच्याकडच्या एका दुकानानं पितळी पत्र्याची टोकनं काढली होती. ज्वारीचं गोल, साखरेचं चौकोनी, रॉकेलचं तिकोनी. गोलावर कणीस ठोकलेलं, चौकोनावर उसाचं कांडं, तिकोनावर कंदील. मागच्या बाजूला घराचा नंबर. नुसता हात लागला तरी कळावं कोणतं आहे ते. लढाई संपल्यावर सगळी टोकनं परत मागवली आणि लोकांनी ती मुकाट्यानं दिली. म्हणून आता दिसत नाहीत.

गोल मला खामगावात एका मोडवाल्याच्या पाटीत सापडलं. चौकोनी एका बाईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होतं. तिला मी त्याच्या बदल्यात नवं पितळी कुलूप दिलं. तिकोनी मात्र कुठंच नाही. तीस वर्षं शोधलं. एकदा अकोल्याला नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथं गेलो. तिथल्या एका चष्मेवाल्यानं माझी दोन्ही टोकनं उलटीपालटी करून पाहिली आणि चार लोकांदेखत सांगितलं की असली टोकनं निघालीच नव्हती, हे कोणीतरी बैलाच्या गळ्यात घालायला केलं असेल. मी म्हटलं, "माह्या बापानं याच्यावर ज्वारी आणली. तुमच्या बापानं काय आणलं?" लोक हसले. पण हसून गोष्ट खरी होत नाही. तिसरं सापडलं असतं तर तिन्ही ओळीनं त्याच्या टेबलावर ठेवून मी उभा राहिलो असतो, काही न बोलता. एवढंच मला पाहिजे होतं.

बायकोनं चंचीच्या शेवटच्या घडीत तीन कप्पे शिवले होते. एक गोल, एक चौकोनी, एक तिकोनी. मी म्हटलं, तिसरं मिळालंच नाही तर? ती म्हणाली, मग त्यात सुपारी ठेवा.

ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगी संग्रामपूरकडे दिलेली आहे, तिकडे तिचा संसार चांगला आहे. रविवारी फोन करते आणि दर वेळी म्हणते, बाबा, ते चिल्लर ठेवा कोणापाशी आणि इकडे राह्यला या. लेकीच्या घरी राहायला मी काही हातपाय मोडून पडलो नाही. दोन भाकरी मला टाकता येतात. वाकड्या होतात, पण होतात. दुपारी जेवून मी चंची पलंगावर पसरतो. आता एक गोष्ट सांगतो, जी नाणी नसणाऱ्याला कळणार नाही. नाणं उलटं करून दाखवायला दुसरं माणूस लागतं. एकट्यानं दोन्ही बाजू पाहिल्या तरी पाहिल्यासारखं होत नाही.

म्हणून मी गुरुवारी पिंपळगाव राजाला जायला लागलो. तिथं माझी आकडसासू राहते. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे असं म्हणतात. मी तिला अक्का म्हणतो, ती मला जवाईबापू म्हणते, घाईत असली तर नुसतं बापू. पंच्याहत्तरी झाल्यापासून एसटीत तिकीट लागत नाही. चिखलीहून खामगाव, खामगावाहून दुसरी गाडी. बायको होती तेव्हा मी त्या घरी लग्नाकार्यालाच जायचो आणि बैठकीतून उठून यायचो. आता ओट्यावर बसतो. अक्का दाण्याची चटणी करते, चहा करते. मला ऐकायला कमी येतं, पण ती आतून सुनेला हाक मारते तेव्हा शेवटचं अक्षर लांबवते, अगदी तिच्या बहिणीसारखं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

मी चंची न्यायचो आणि तिला नाणी दाखवायचो. ती प्रत्येकाला विचारायची, यात किती गूळ येत होता? हाली शिक्क्याला किती गूळ, ढब्बूला किती. मी अंदाजानं सांगायचो. तिला ते सगळं गुळातच समजायचं.

मागच्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. सोयाबीन काढायला आलं होतं, घरातले सगळे वावरात. अक्काची बोटं सांधेदुखीनं आखडलेली, आणि घट बसायच्या आधी देव घासायचे राहिलेले. तिनं विचारलं, आंघोळ करून आले ना बापू? मी म्हटलं, हाव, चिखलीलाच केली. मग तिनं तांब्याच्या ताटात देव आणून माझ्यासमोर ठेवले, सोबत चिंचेचा कोळ आणि चिमूटभर राख. दुसऱ्याच्या घरचे कुळदेव मी कसे घासू, असं मी म्हणालो. ती म्हणाली, जवाई म्हणजे देवासारखाच, देवानं देवाले घासलं तं कोणाले राग येते?

बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, दोन-तीन टाक होते. टाक म्हणजे देवाचे ठोकलेले पत्रे, घरोघरी असतात. मी नाण्याला कधी चिंच लावत नाही, चेहरा जातो त्याचा. पण देवाला नाही कसं म्हणणार? हलक्या हातानं घासत होतो. एक टाक हळदीकुंकवाच्या थरानं इतका जाड झाला होता की त्याचा आकारच कळत नव्हता. थर भिजवला, अंगठ्यानं काढला. खाली तीन कोपरे लागले. मी थांबलो. उलटं केलं. मागं नंबर ठोकलेला होता. पुन्हा सुलट केलं. खाली रुंद बैठक, वर फुगलेलं पोट, त्यावर लहान डोकं, आणि डोक्यामागून गोल आलेली कडी. ज्याला माहीत नाही त्याला ती बसलेली देवी दिसणार, मागं प्रभावळ असलेली. मला माहीत होतं. तो कंदील होता.

माझे हात चिंचेत होते. अक्का तांदूळ निवडत बसलेली. मी विचारलं, ही कोणती देवी? ती म्हणाली, "ते आमची सोमोरची आई हाय. भाऊ वेगळे झाले तवा देव थोरल्याकडं गेले. माह्या सासूच्या वाट्याले एकबी टाक नाई आला. मंग ते एक दिवस कणगी झाडून राह्यली होती, तं बुडाशी हे सापडली. आपल्या पायानं आली म्हने." सोमोरची म्हणजे समोर येऊन उभी राहिलेली. नाव सासूनंच ठेवलेलं. कुठल्या गडावर हिचं ठाणं नाही आणि हिची जत्रा भरत नाही. जगात एकाच घरात हिची पूजा होते.

मी टोकन पुसून इतर देवांत ठेवलं. त्या दिवशी काहीच बोललो नाही. यातलं एवढंच मला आज बरं वाटतं.

पण घरी आल्यावर चंचीचा तिसरा कप्पा उघडून बसायचो आणि तो चष्मेवाला आठवायचा. नवरात्र झालं, दसरा झाला. गुरुवारी जायचो तेव्हा आता माझं लक्ष चहात नसे, आतल्या दाराकडे असे. मला सरळ मागता येईना. मागायची सवय नाही. एकदा खामगावच्या सोनाराकडून चांदीचा टाक करून घेतला, चांगली वाघावर बसलेली देवी, आणि अक्काला म्हटलं, तुमच्या देव्हाऱ्यात पितळेची आई शोभत नाही, ही ठेवा, ती मला द्या, मी ती जपून ठेवतो. तिनं चांदीचा टाक डोक्याला लावला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाली, देव काय भांडी हाय, मोड घालून नवे घ्यायले?

तो टाक अजून माझ्याकडे आहे. त्याचं काय करावं ते कळत नाही.

दिवाळीनंतरचा गुरुवार होता. अक्काचा मोठा मुलगा घरी होता. पन्नाशीचा माणूस, शेती चांगली करतो, पण जिभेला हाड नाही. मी ओट्यावर चंची उघडलेली. त्यानं विचारलं, "मावसाजी, हे चिल्लर बाजारात चालते काय?" मी म्हटलं, नाही चालत. "मंग कायले वाहून राह्यले? किलोनं दिलं तं निदान चिवडा तरी येईन." मी हसण्यावारी नेलं. मग तो म्हणाला, त्याच्या बायकोकडे पाहून, पण मला ऐकू जाईल असं, "एसटीले तिकीट नाई, इथं जेवन हाय. गुरुवार बरा सापडला मावसाजीले."

हे वाक्य मला आजही मान्य नाही. मी कोणाच्या घरी जेवणासाठी गेलो नाही. उपाशी राहिलेलो आहे, पण गेलो नाही. मी तिथून उठून जायला पाहिजे होतं. उठलो असतो तर सगळं होतं तसं राहिलं असतं. पण मला त्या माणसाला दाखवायचं होतं की या घरात काय आहे ते या घरात कोणालाच माहीत नाही, आणि मला माहीत आहे.

मी म्हटलं, "तुह्या घरातले लोक साठ वर्षं रॉकेलच्या टोकनाले फुलं वाहून राह्यले. ते भंगार नाई काय?"

तो समजला नाही. मी समजावलं. एकदा तोंड उघडल्यावर मी नीटच समजावलं, बापानं सांगितलेलं सगळं. दुकान, रांग, तीन आकार. अक्का आतल्या दारात उभी होती ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी थांबलो असतो का, खात्रीनं सांगता येत नाही. ती आत गेली आणि टोकन तळहातावर घेऊन आली. त्याच्यावर सकाळचं कुंकू होतं. म्हणाली, दाखवा.

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. माझी चूक झाली, उन्हात डोळे चुकतात, एवढं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. पण दांडी झुकलेली दिसली की मी बोलतो. मी चंचीतून गोल आणि चौकोनी काढलं, ओट्याच्या फरशीवर ठेवलं, तिचं त्यांच्या शेजारी ठेवलं. कणीस, उसाचं कांडं, कंदील. तिन्हीच्या कडेला एकाच हातोडीची नक्षी. तिला वाकायला त्रास होतो, तरी ती वाकून पाहत राहिली. मुलगा मोठ्यानं हसला आणि सुनेला म्हणाला, आता आरतीच्या टायमाले रॉकेलचा भाव पुसून घ्या. सून हसली नाही.

अक्का म्हणाली, "कंदीलच हाय."

मग ती ओट्याच्या पायरीवर बसली. मुलगा हसत-हसत बैलांकडे निघून गेला. मी टोकनं उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तेव्हा तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं.

"तुमची घरवाली बुलढान्याले दवाखान्यात होती, डाक्टरनं हात वर केले होते, तवा मी तीन दिवस हिच्यापुढं बसली होती बापू. पोटात पानी नाई. चौथ्या दिवशी तिनं डोये उघडले. मंग थे कोनं उघडले?"

तो पहिला झटका होता, जायच्या दोन वर्षं आधीचा. मला आठवतं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडून पहिलं विचारलं होतं की म्हशीला कोणी पाणी दाखवलं का. मी तेव्हा डॉक्टरच्या पाया पडलो होतो. अक्का इकडे बसली होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोलाही ते माहीत होतं की नाही, कोणास ठाऊक.

मी माझी दोन टोकनं उचलून चंचीत घातली.

तिनं टोकन उचललं, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "न्या. तुमचं हाय." मी नको म्हटलं. ती म्हणाली, मंग मी त्याचं काय करू? आणि आत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि टोकन खिशात घालून निघालो. ठेवून आलो असतो तर त्या मुलानं ते मोडीत घातलं असतं, असं मी गाडीत स्वतःला सांगत होतो. खरं असं आहे की तीस वर्षांनी ते माझ्या हातात आलं होतं आणि मला ते सोडवलं नाही.

घरी येऊन कप्प्यात घातलं. बायकोनं अंदाजानं शिवलेला कप्पा, पण बरोबर बसलं. तिन्ही टोकनं ओळीनं. मी पलंगावर बसून त्यांच्याकडे पाहत होतो. मुलीला फोन लावला, सापडलं म्हटलं. ती म्हणाली, काय सापडलं बाबा, चष्मा? मी हो म्हटलं. अकोल्याला जायचा विचारही त्या दिवशी मनात आला नाही, नंतरही आला नाही. तो चष्मेवाला आता जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. त्याचं नावही मी विचारलेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी टोकन घेऊन गेलो. वाटेत फुलं घेतली. अक्काला म्हटलं, मी चुकलो, ती आईच आहे, लोक दगडाला शेंदूर लावतात, हे तर पितळ आहे, परत बसवा. ती म्हणाली, दगडाले कोनी दुकानातून रांगेत उभं राहून आनलं नसते. मी म्हटलं, तुमच्या सासूला तर आपल्या पायानं आली होती ना? तिनं मान हलवली. "माह्या सासूनं कंदील पाह्यला नाई. मी पाह्यला. आता मी हात जोडले तरी मले कंदीलच दिसते." तिनं राग धरला नव्हता. राग धरला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं फुलं घेतली आणि बाळकृष्णाला वाहिली. देव्हाऱ्यातल्या लाल कापडावर तीन कोपऱ्यांची जागा रिकामी होती. तिथलं कापड बाकीच्यापेक्षा जास्त लाल होतं.

त्यानंतर टोकन मी चंचीत ठेवत नाही. माझ्या देव्हाऱ्यातही ठेवून पाहिलं, पण तिथं ते नुसतं टोकनच राहिलं. मी ज्वारी मोजणारा माणूस. आपल्या पायानं माझ्याकडे कोणी आलेलं नाही. आता ते सदऱ्याच्या आतल्या खिशात असतं. गुरुवारी मी अजून जातो. चंची नेत नाही. मुलगा मला राम राम म्हणतो, आता टोमणा मारत नाही, बहुतेक आईनं त्याला काही म्हटलं असेल. अक्का पाणी देते, तब्येत विचारते, मुलीची विचारते. पूर्वी ती ओट्यावर माझ्यासमोर बसायची. आता दारात उभी राहून बोलते आणि बोलणं झालं की कामाला लागते. मी जेवत नाही. तिनंही आग्रह सोडला आहे.

गेल्या गुरुवारी तिला ताप होता. खाटेवर पडली होती, तोंड भिंतीकडे. सून म्हणाली, दोन दिवसांपासून काही खात नाही, औषध घेत नाही, उगीच पडून आहे. मी खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो. खिशात हात घातला, टोकन हाताला लागलं, तिन्ही कोपरे लागले. त्याच्यापुढं बसायचं कसं, काय म्हणायचं, किती दिवस उपाशी राहायचं, हे तिला विचारावंसं वाटलं. तिच्याशिवाय ते कोणालाच माहीत नाही. पण तिला झोप लागली होती.

मी सुनेला म्हटलं, आज मी जेवणार नाही. ती म्हणाली, तुम्ही कुठं जेवता मावसाजी? आणि आत गेली. मी चारची गाडी सोडली, सहाची सोडली. त्या रात्री तिथंच ओट्यावर राहिलो, आणि दुसऱ्या दिवशीही पाण्याशिवाय काही घेतलं नाही.